बॉयलरवाल्याची झोप

ता. ३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौकशी संपली. बॉयलरवाल्याला भर दुपारी डुलकी लागली आणि बॉयलर फुटला, असा अहवाल आला. माझ्या कारखान्यावर ठपका नाही. देवाची कृपा, दुसरं काय! तुमच्या प्रार्थनाघराला संगमरवरी फरशी देतोय. जन्मभर खडबडीत जमिनीवर झाडू मारलास, आता जरा गुळगुळीतवर मार.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा धाकटा

ता. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फरशीचं वाचून गुडघ्यांना बरं वाटलं, मला नाही. बॉयलरवाल्याची बायको रोज येते आणि शेवटच्या रांगेत बसते. नवऱ्यासाठी रडत नाही. त्याच्या झोपेने आणखी दोघांचा जीव घेतला म्हणून देवाकडे माफी मागते. त्या दोघांच्या घरचे तिच्याकडे बघतही नाहीत. तो खरंच झोपला होता का रे? लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत, म्हणून विचारते.

तब्येतीला जप.
तुझी ताई

ता. १६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो झोपला नव्हता. माल त्याच दिवशी पाठवायचा होता आणि जादा वाफ सोडणारा व्हॉल्व्ह सारखा उघडत होता. मी तो तारेने आवळून घेतला. बॉयलर बंद करा म्हणून तो दोनदा सांगायला आला. मी त्याला हाकलून दिलं आणि जेवायला निघून गेलो. हे फक्त तुला सांगतोय. माझ्यासाठी प्रार्थना कर आणि पत्र जाळून टाक. चारशे चुली या कारखान्यावर पेटतात. देव माझ्यावर रागावला असता तर त्याने मला इतकं दिलं असतं का?

माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

ता. २२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फरशी पाठवू नकोस. देव कुणाला का देतो, हे तीस वर्षं त्याचं घर झाडूनही मला कळलेलं नाही. कारखाना त्याने दिला असेल. त्या माणसाचं चांगलं नाव मात्र तू हिरावून घेतलंस, ते देवाने तुला दिलेलं नव्हतं. जे घेऊन त्याच्यासमोर ताठ उभं राहता येतं तेवढंच आपलं, असं बाबा म्हणायचे. तुझ्याकडे त्यातलं काय उरलंय?

पत्र जाळलं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. तिने ना शिव्या दिल्या ना शाप. पहिली ओळ तीनदा वाचायला लावली आणि एवढंच विचारलं, की म्हणजे ते जागे होते ना.

ती लगेच चौकशीच्या साहेबांकडे निघाली होती. मी तिच्या पाया पडले, सोमवारपर्यंत थांब म्हणून. ती थांबली, मी तिच्या जागी थांबले नसते. सोमवारी दहा वाजता तुझं पत्र घेऊन आम्ही दोघी तिथे असू आणि अक्षर माझ्या भावाचं आहे, असं मी लिहून देईन. आमच्या आधी तू दारात उभा दिसलास, तर माझा भाऊ मोठा झाला असं म्हणेन. मग तुरुंगात डबा मीच आणेन.

आशीर्वाद आहेत, पण घ्यायला तुलाच यावं लागेल.
तुझी ताई