रोटाचा रविवार

आबा,

यंदा श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट सगळ्या भाऊबंदांनी मिळून गावातच करायचे आणि पांगलेल्यांना गोळा करायचं काम माझं, असं नानांनी ओट्यावर बसून सांगितलं, त्या संध्याकाळपासून माझं सगळं बदललं. तेव्हा मला वाटलं, मान मिळाला. "तू मोकळाच शे ना," नाना म्हणाले. "कॉलेज नही, धड नोकरी नही. बठ्ठासले फोन कर." तुमच्या या धाकट्या भावाला माझ्याबद्दल काय काय ठाऊक होतं आणि मला कामाला का जुंपलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होतो. त्यानंतर कोणी कोणाशी उघड भांडलं नाही, नुसते पांगत गेले. सुरतवाले सुरतेलाच रोट करायला लागले, पुण्याच्या काकूने सोडूनच दिले. जळगावचे काका आणि धुळ्याचे काका तर एका बांधावरून बोलत नव्हते. धुळ्याच्यांना फोन केला तर पहिला प्रश्न, "तो येणार आहे का?" जळगावच्यांचाही तोच. मी दोघांना सांगितलं, "ते तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होते." साफ खोटं. पण शुक्रवारी दोघे आले, एकाच खाटेवर बसले आणि तासभर गुडघ्यांवरच बोलले. गाद्या, कुलर, पाण्याचा टँकर, एरंडोलहून मांडववाला, सगळं मी केलं. पुण्याची काकू उतरल्या उतरल्या म्हणाली, "पोरगा हुशार निघाला हो." कॉलेज सोडल्यापासून असं कोणी बोललं नव्हतं. मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू?

आता एका मुलीबद्दल. ती धुळ्याला कॉलेजात माझ्या वर्गात होती. आपल्यातली नाही. तिच्याबद्दल एकजण कॅन्टीनमध्ये घाण बोलला, मी त्याला बाकावरून खाली ओढलं. सर म्हणाले, माफी लिहून दे. मी म्हटलं, आधी त्याने लिहावी. दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून घरी आलो. तिने मात्र शिक्षण पूर्ण केलं, आता वडिलांच्या शिवणाच्या दुकानात बसते. मला एकदा म्हणाली, "तू माझ्यासाठी भांडलास, मान्य. पण मी सांगितलं होतं का तुला?" तिचं बोलणं असंच असतं, आणि मी दिवसभर मोबाइलच्या दुकानात लोकांच्या फुटलेल्या काचा बदलत तेच तेच बोलणं ऐकत राहतो.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "रविवारी दुपारी नाशिकचे लोक मला बघायला येताहेत. बाबांना तुझं नाव सांगितलंय. ते म्हणाले, असा कोणी असेल तर त्याने त्याच दिवशी सकाळी, पाहुण्यांच्या आधी समोर येऊन बोलावं. नंतर नको."

मी म्हटलं, "या रविवारी आमच्याकडे रोट आहेत. सगळं माझ्यावर आहे."

"मग रोट खा," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मांडवासाठी अंगण मोजत उभा होतो. नाना मागेच होते. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. नाना एरवी आपल्या बोलीत बोलतात, रागावले की ऑफिसातली मराठी काढतात, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाले, "धुळ्याचं प्रकरण मला पूर्ण माहीत आहे, म्हणूनच तुला या कामाला जुंपलं. रविवारी दुपारच्या पंगतीत तू दिसला नाहीस, तर पुढच्या वर्षी तुझ्या नावाची मूठ निघणार नाही."

मुठीवरून मला तुम्ही आठवता. स्वयंपाकघरात तुम्ही गव्हाच्या ढिगापुढे बसलेले आहात, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेता आणि त्याच्या वाटणीच्या रोटांसाठी सव्वा मूठ सुपात टाकता. मी शेजारी. खेळात मी आपल्या ढवळ्या बैलाचं नाव घेऊन एक मूठ टाकली. तुम्ही माझ्या हातावर असा फटका मारलात की बोटं झिणझिणली. "ज्यानं नाव घेतं, त्यानं खावाले बसनं पडस. परक्याले देता येस नही, फेकता येस नही. आते बैलनं कोण खाई?" आणि बैलाच्या वाटणीचं तुम्हीच खाल्लंत. नंतर पोट धरून अंगणात पडला होतात, आई हसत होती, मी रुसलो होतो. त्या फटक्याची आठवण मला आवडायची नाही. अलीकडे मी तो आठवून बघतो.

काल शनिवारी मुठी काढायच्या होत्या. नानांचा हात कापतो म्हणून सूप माझ्यापुढे ठेवलं. ते नाव घेत होते, मी गहू टाकत होतो. सुरतवाले झाले, गुडघेवाले दोघे झाले. मग माझं नाव आलं. मी हात मागे घेतला.

"माझी नको."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या मी धुळ्याला जातोय."

धुळ्याचे काका म्हणाले, "आम्हले इथं बलावं आन् हाऊ चालना आमना गावले." कोणी हसलं नाही. मी भांडायला तयार होतो, आबा. काय काय बोलायचं ते आठवडाभर जमवून ठेवलं होतं. नानांनी तोंड उघडलं असतं तर सूप उधळून निघालो असतो. पण तेवढ्यात आई चुलीपासून उठून आली. आपल्यात बाईचा हात त्या गव्हात जात नाही. तिने पदराला हात पुसला, माझं नाव घेतलं, मूठ भरून सुपात टाकली, वर पाव मूठ टाकली.

नाना म्हणाले, "वहिनी, हाई माणसंस्नं काम शे."

आई म्हणाली, "मंग त्याना बापले बलावा."

त्यानंतर नानांनी पुढचं नाव घेतलं.

मला आईचा राग आला. मी सुटत होतो, तिने धरून ठेवलं. भांडी घासायला ती मोरीवर गेली, तेव्हा मी मागे गेलो, म्हटलं, हे काय केलंस? मान वर न करता म्हणाली, "दुपारले नही जमनं त संध्याकायले बस. तुन्हं दुसरं कोणी खाई नही." बस, इतकंच. धुळ्याच्या मुलीचं नाव विचारलं नाही, काय करते विचारलं नाही.

आता सकाळ आहे. गंगाफळाची भाजी चिरून झाली, बायका गाणी म्हणताहेत, पोरांनी देवीचा चौरंग सजवलाय. माझी गाडी सुरतवाल्यांच्या मोटारीमागे अडकलीय आणि किल्ली घेऊन ते नदीवर आंघोळीला गेलेत, म्हणून फाट्यापर्यंत चालत जाईन. हे कागद तुम्हाला कुठे पाठवणार? घडी करून खिशात ठेवेन. नाना ओट्यावरच बसलेत, त्यांच्यासमोरून जावं लागेल.

एक सांगू? मला रागात निघता येतं. कॉलेजातून तसाच निघालो, दोन नोकऱ्यांमधून तसाच निघालो. आज राग शोधतोय तर सापडत नाही, आणि त्याच्याशिवाय कसं निघायचं ते मला येत नाही. तिच्या वडिलांपुढे काय बोलायचं, तेही ठरलेलं नाही. शर्ट तेवढा इस्त्रीचा आहे. आतून कोणीतरी मला हाका मारतंय, बहुतेक टँकर आलाय. मी ओ देत नाही. आता बाहेर पडेन आणि दार हळूच ओढून घेईन.