सासरच्या मशीनचा टायमर

३ फेब्रुवारी, सकाळी ८
कपड्याची मशीन बंद. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सासऱ्यानं लग्नात दिलेली. टायमरचं बटण नुसतं फिरतंय, टिकटिक न्हाई. आणि वेळ बघा! दिपालीला अंबाजोगाईत मुलगी झाली. सोमवारी डिस्चार्ज, मग सव्वा महिना लेक अन् नात आपल्याकडं, नेकनूरला. दुपट्यांचा ढीग पडणार. बायकोच्या, संगीताच्या, मनगटाला प्लास्टर. ती म्हणली, चौसाळ्याहून भागवतला बोलवा, त्याचं रिपेअरिंगचं दुकानच हाय.

भागवत म्हणजे हिचा सख्खा भाऊ. त्याच्या पोराच्या लग्नात फेटा आधी एका पुढाऱ्याला बांधला, मग मला. घरच्या जावयाला! मी जेवलो न्हाई. आईस्क्रीम दोनदा खाल्लं, ते जेवणात धरत न्हाईत. तो माणूस माझ्या दारात येणार न्हाई. दवाखान्यातबी तोच बसलाय, म्हणून मी गेलो न्हाई.

एकतीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. शंभर गाड्यांचं टायमिंग तोंडपाठ. एका टायमरची काय बिशाद!

संध्याकाळी
मागचं झाकण काढलं. सहा स्क्रू. लावताना चारच पुरले. कंपनीवाले उगाच दोन जास्त देतात.
संगीतानं गुपचूप भावाला फोन केला. त्याचा निरोप: दाजी, टायमर उघडू नका, अख्खाच बदलायचा असतो. वा रे शहाणा! आता उघडणारच.

४ फेब्रुवारी
उघडला. आत स्प्रिंग होती. आता न्हाई. पलंगाखाली बघून झालं. दातेरी चाकं सात. मी हुशारीनं आधीच फोटो काढून ठेवलता. फोटोत माझा अंगठा आलाय.

५ फेब्रुवारी
बसवला. दोन चाकं उरली. आधी बटण नुसतं फिरायचं, आता फिरतच न्हाई. म्हणजे पकड आली.
संगीता म्हणली, रविवारपर्यंत मशीन चालली न्हाई तर दिपालीला मामाकडं पाठवते, तिथं मशीन हाय. धमकी! नातीचा फोटो बघितला. नाक माझं हाय. त्याच्या घरी कशाला जाईल ती? पाळणा मी स्वतः धुऊन ठेवलाय.

७ फेब्रुवारी, सकाळी १०.०५
वायर डायरेक्ट जोडली. टायमर पायजेच कशाला? मी हाय की. मनगटावर घड्याळ, पंधरा मिनिटं झाली की बंद. नवीन दुपटी घातली. काय गरगर फिरतेय! संगीता म्हणली, फकस्त जागचं हलू नका.

दुपारी १
जागचा हललो न्हाई. पण १०.१२ ला पाहुण्यांच्या ग्रुपवर भागवतनं फोटो टाकला. माझी नात, त्याच्या मांडीवर! अंगाचा तिळपापड झाला. उत्तर द्यावंच लागलं. फेट्यापासून सुरुवात केली. मुद्देसूद लिहायचं म्हणजे वेळ लागतो. धूर दिसला तवा पावणेबारा झालते. मोटर जळाली. दुपट्यांच्या चिंध्या. सगळी चूक भागवतची.
ग्रुपवर कुणाचंच उत्तर न्हाई. पटलेलं दिसतंय.

९ फेब्रुवारी
दिपाली परस्पर चौसाळ्याला गेली. संगीताबी गेली, प्लास्टरसकट. जाताना म्हणली, फेटा डोक्याला बांधतेत, तुमी डोळ्याला बांधलाय. मी ठणकावलं, मला बोलवू नका. बोलावलं कुणीच नव्हतं.
घर लई शांत हाय. पाळण्यात इस्त्रीचे कपडे ठेवलेत.

१५ फेब्रुवारी
चौसाळ्याला गेलतो. सहज. एसटी तिकडंच निघाली होती. भागवत दारात आला, या दाजी म्हणला. मी नुसती चप्पल काढली. त्यानं नात माझ्या मांडीवर दिली. पाच मिनिटांत तिनं शर्ट ओला केला. भागवतनं शर्ट मागून घेतला, मशीनमधी टाकला अन् त्याचा एक मला घालायला दिला. काखेत टोचतो.
मग विचारलं, माझ्या लेकीला कुठवर ठेवणार? म्हणला, सव्वा महिना, दाजी. तुमीबी राहा, शर्ट वाळूपर्यंत.

१८ फेब्रुवारी, चौसाळा
शर्ट दोन दिवसांपूर्वीच वाळलाय. कुणी विषय काढला न्हाई. मीबी काढणार न्हाई.