पित्ताचे खडे नव्हतेच

आंजर्ले,
गुरुवार, १२ ऑक्टोबर २००६
(अठरावा रोजा)

प्रिय काशी,

तुला सलाम आणि भावोजींना नमस्कार. घरात फोन असताना हिला टपालाचं पाकीट कुठून आठवलं, असं तू म्हणशील. फोन माजघरात आहे, आणि फोनला लागूनच सासूबाईंची खाट आहे. दुपारची नमाज झाली की त्या जरा पडतात, तेवढ्यात हे लिहायला घेतलंय. एका बैठकीत होईलसं वाटत नाही, मला मधून मधून उठावं लागतं. अक्षर हललेलं दिसलं तर समजून घे. शाळेत माझं अक्षर बघून बाई तुला रागवायच्या, ते दिवस गेले.

आधी तुझ्याशी बोललेलं खोटं निस्तरते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास आपण दापोलीच्या स्टँडवर भेटलो. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, शमे, गाल कुणाला देऊन आलीस गो? मी हसले, पित्ताचे खडे काढले म्हणून सांगितलं. तू पडलीस नर्स, टाके कुठे आहेत म्हणून तिथल्या तिथे विचारायला लागलीस. मी एसटी सुटेल म्हणून निघाले. एसटी सुटायला वीस मिनिटं होती, काशी. मी मुतारीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि सकाळी खाल्लेलं अर्धं सांदण तिथे टाकलं. खडे नव्हतेच.

तुला माझं वजन माहीत आहे, एकशे चारवर गेलं होतं. गेलं कसं तेही तुला माहीत आहे. मुलींच्या ताटातलं उरलेलं, कालची भाकरी, सालन्याच्या तळाचा रस्सा, सगळं माझ्या पोटात. अन्न फेकायचा मला धीर नाही. त्याचं एवढं नव्हतं, पण गुडघे गेले आणि चार वर्षं मी खुर्चीवर बसून नमाज पढत होते. आजाऱ्याला तशी मुभा आहे. तरी सगळ्या बायका सजद्यात जमिनीला कपाळ टेकायच्या आणि मी खुर्चीवरून मान तेवढी झुकवायची. दर वेळी वाटायचं, मी दारातच उभी आहे. अहमदना कुवेतला कुणीतरी सांगितलं, मुंबईला एक डॉक्टर पोटाच्या वरच्या भागाला पट्टा बांधतो, मग भूक थोडक्यात भागते. जानेवारीत ते रजेवर आले आणि जाऊन बांधून आलो. कातडीखाली एक बटण ठेवलंय, त्यातून सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. घरी काय सांगायचं यावर आमचं परतीच्या गाडीतच ठरलं. सासूबाईंना खरं सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, कमी जेवायला एवढा खर्च? तुझं ताट ओढून घ्यायला मी फुकटात बसले होते की. म्हणून खडे.

सुरुवात चांगली झाली, हेही खरंच लिहिते. घास बोराएवढा घ्यायचा, वीसदा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, उलट्या वाढल्या तर वाट न बघता यायचं, असं डॉक्टरने सांगितलं होतं. मी सगळं पाळलं, शेवटचं सोडून. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने पाडले, ‘राहिलं’ आणि ‘परत’. एप्रिलपर्यंत ‘परत’खाली मोजून चार नोंदी होत्या. एप्रिलातच एका दुपारी मी चटई अंथरली, खुर्ची बाजूला केली आणि खाली गेले. गुडघे वाजले पण वाकले. कपाळ जमिनीला टेकलं. किती वेळ तशीच राहिले मला सांगता यायचं नाही. त्या एका टेकण्यासाठी मी काहीही सोसलं असतं, आणि बहुतेक तेच ऐकलं गेलं.

जूनमध्ये तिसऱ्यांदा पट्टा आवळला. घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकरीचा पहिला तुकडा छातीच्या हाडामागे बसला. कसं सांगू, गिळलेलं खाली जात नाही आणि वरही येत नाही, दार लोटून कुणी पलीकडून उभं राहावं तसं. तोंडाला पाणी सुटतं, नंतर ते चिकट होतं, फेसासारखं, आणि मग येतं. आलं की बरं वाटतं. भाकरी सोडली. महिन्याने मटण गेलं, मग भात, मग बांगडा. गणपतीत तुमच्याकडचे मोदक आले तेव्हा सारण नुसतं चाखून बघितलं, तेही ‘परत’. तेव्हाच मुंबईला जाऊन सैल करून यायला हवं होतं. पण आवळायला पैसे दिले, आता सैल करायलाही द्यायचे, हे मला पटेना. आणि वजन उतरत होतं, बघणारे बरं म्हणत होते. अहमदना दर शुक्रवारी फोनवर मी सांगते, बरी आहे, मजेत आहे.

घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुझ्या मनात येईल. आमच्यात बायका एका थाळातून जेवतात, हे तू आमच्याकडे कितीदा बघितलंयस. मध्ये भाताचा ढीग, भोवती सासूबाई, मी आणि जाऊ झरीन. जो तो आपल्या बाजूने खात येतो. माझ्या बाजूचा भात मी बोटांनी हळूहळू झरीनकडे सरकवते. ती बोलत बोलत जेवते, तिला कळतसुद्धा नाही. वेगळं ताट असतं तर पहिल्याच आठवड्यात पकडले गेले असते. सासूबाई मायेने माशाचं पोट माझ्यापुढे टाकतात, खा गो बाय, अंगात काय राहिला नाय तुझ्या. मी तोंडात घालते, चावते, आणि पदराखाली रुमालात घेते. अन्न न फेकणारी मी, रोज रुमाल माडाच्या आळ्यात झटकून येते. झरीन परवा म्हणाली, वहिनी, तुमची कंबर बघून मला माझी लपवावीशी वाटते. सगळ्या हसल्या. मीही हसले.

रमजान आला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. दिवसभर कुणी खा म्हणणार नाही. पण पहाटे सहरीला घेतलेली चार चमचे पेज उन्हं वर आली तरी हाडामागेच असते. तुला आमचा नियम सांगते. उलटी आपसूक आली तर रोजा तुटत नाही, मुद्दाम काढली तर तुटतो, आणि तोंडात आलेलं परत गिळलं तरी जातो. पूर्वी मी बोट घालून मोकळी व्हायचे, आता ते करता येत नाही. कुशीवर पडून, छातीवर मूठ दाबून वाट बघते. कधी दुपारपर्यंत. बाळंतपणांत सुटलेले सगळे रोजे मी पुढे एकेक करून भरून दिलेत, अल्लाची एकही बाकी माझ्या वहीत नाही, आणि आता या पेजेपायी ठेवायची नाही, असं मनाशी धरलंय. आजाऱ्याला रोजा माफ आहे, ते मलाही माहीत आहे. पण आजार कुठला ते घरात सांगावं लागेल. खड्यांचं तर जानेवारीतच संपलं.

आणि सजदा. खाली गेले की आंबट पाणी सरळ घशात येतं, नाकात जळतं. ते गिळायचं नाही, म्हणून चटईच्या कडेला फडकं ठेवते. ज्यासाठी एवढं केलं, तिथेच आता मला भीती वाटते. सोमवारपासून पुन्हा खुर्ची काढली. सासूबाई म्हणाल्या, गुडघे परत धरले वाटतं. मी हो म्हटलं.

झरीन मला दापोलीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. पोटाचं ऑपरेशन झालंय का, असं त्यांनी विचारलं. झरीन बाजूला उभी होती, मी खडे म्हणाले, त्यांनी खडे लिहिलं. पित्ताचं औषध दिलं. चूक त्या बिचाऱ्यांची नाही. ते औषधही ‘परत’च्या रकान्यात आहे.

मघाशी उठून आले. आता बाकीचं भराभर लिहिते, तुला यातलं माझ्याहून जास्त कळतं. केस मुठीने येतात, त्याचं काही नाही. पण आठ दिवस पायांच्या बोटांत मुंग्या आहेत आणि जिना उतरताना पायरी कळत नाही. काल झरीनच्या ओढणीला काठ लावायला सुई घेतली तर मला दोन सुया दिसल्या, दोन्हींत नाक होतं आणि दोरा कुठल्याच नाकात जाईना. परवापासून इफ्तारीला घेतलेलं घोटभर पाणीसुद्धा राहत नाही. लघवी दिवसाकाठी एकदा, चहासारखी. ‘राहिलं’चा रकाना पाच दिवस कोरा आहे.

ईद होऊ दे, मग मुंबई, असं मी पहिल्या रोज्यापासून स्वतःला सांगते आहे. आज हिशेब केला, ईदेला बारा-तेरा दिवस आहेत, आणि माझे बारा दिवस निघतील असं मला वाटत नाही. म्हणून हे पत्र. या घरात मी बोलायची बंद झाले तर माझ्या पोटात काय आहे हे सांगणारं इथे कुणी नाही, ते फक्त अहमदना ठाऊक आणि ते कुवेतला आहेत. पाकिटात एक निळं कार्ड ठेवलंय, त्यावर पट्ट्याचा नंबर आहे, डॉक्टरचं नाव आहे, फोन आहे. शनिवारी तुला मिळेल. मिळालं की उत्तर लिहू नकोस, सावर्ड्याहून मिळेल ती गाडी धर आणि ये. सासूबाईंसमोर सगळं सांग, मला तोंडाने ते जमत नाही, आठ महिने प्रयत्न केला. आणि एक नीट ऐक. तू आलीस की मी उठून दारात येईन, हसेन, बरी आहे म्हणेन, रोजा सोडायच्या वेळी तुझ्यासमोर एक खजूर खाऊनही दाखवीन. माझं ऐकू नकोस. मी कितीही मागितलं तरी ते कार्ड माझ्या हातात देऊ नकोस.

तुझीच,
शमीम