कंप्युटरला लावलेलं कुलूप

प्रिय खारूताई,

ऑफिसात तुला सगळे मॅडम म्हणत असतील, पण कागदावर ते लिहायला माझा हात वळत नाही. म्हणून जुनंच नाव. घरी सगळं ठीक आहे, हे आधी सांगतो, नाहीतर पाकिटावर माझं अक्षर पाहूनच तू घाबरायचीस. आईच्या गळ्याची तपासणी झाली, डॉक्टर खूश आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो पहिल्यापासूनच तक्रारखोर. अडचण आहे ती कंप्युटरची. तो बिघडलेला नाही, मी त्याला जरा जास्तच सुरक्षित करून ठेवलंय.

झालं असं, की वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना एक ईमेल आलं. तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा. मास्तरांनी काहीच मागवलं नव्हतं, तरी दाबलं. बघता बघता सगळे फोटो, सगळी कागदपत्रं बंद, आणि पडद्यावर सूचना, की उघडून हवं असेल तर पैसे पाठवा. दुसऱ्याच्या घराला कुलूप घालायचं आणि किल्ली त्यालाच विकायची! जन्म गेला माझा कुलूप-किल्लीच्या दुकानात, पण हा धंदा मला कधी सुचला नाही. मास्तर बिचारे हिरमुसून बसलेत. मी जिना उतरून घरी आलो, आई कंप्युटरपुढे बसली होती, आणि मला धडकीच भरली.

कारण आपल्या कंप्युटरमध्ये काय आहे ते तुला मी काय सांगणार! गळ्याच्या ऑपरेशनने आवाज जाणार म्हणून तू तिला आधीच माइकपुढे बसवून ती वाक्यं वाचून घेतलीस, शब्द न् शब्द जमवलास आणि तिच्यासाठी तो प्रोग्रॅम तयार केलास. तेव्हा मला ते खूळ वाटलं होतं. आता ती टाइप करते आणि तिच्याच आवाजात घर बोलतं. ‘बटाटा’ म्हटलं की जरा नाकातून येतं, कारण त्या दिवशी तिला सर्दी झाली होती. आणि रागावलेलं एकही वाक्य तू भरून घेतलं नव्हतंस, त्यामुळे ती मला झापते तेही अगदी गोड सुरात. मी हसलो की तेच वाक्य पुन्हा दाबते, पुन्हा दाबते, शेवटी स्वतःच खांदे उडवत हसते. हे सगळं कोणी परक्याने बंद केलं तर? दुसऱ्याच दिवशी दुकान उशिरा उघडलं आणि कोपऱ्यावरच्या कंप्युटरवाल्या बाईंकडे गेलो.

बाई शहाण्या आहेत. म्हणाल्या, ‘काका, कंप्युटरमध्ये मुळात एक संरक्षण असतंच. ते चालू ठेवा, भलत्या ठिकाणी दाबू नका, आणि महत्त्वाचं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवा. घरच्यापुरतं तेवढं बास.’ पण दाराबरोबर आलेल्या कुलपावर मी आयुष्यात विश्वास ठेवलेला नाही. मी म्हटलं, वेगळं दाखवा. मग एक फुकटातलं आणून लावलं. ते चोरापेक्षा मलाच जास्त छळायला लागलं. घटकेघटकेला खिडकी उघडून ‘मोठं घ्या, चांगलं घ्या’. मग एक विकतचं घेतलं. त्याने कंप्युटर इतका संथ केला, की आईचं बोलणं मागे पडायला लागलं. मी विचारावं, चहा ठेवू का? उत्तर नाही. मी आपला मास्तरांच्या दुःखाबद्दल बोलायला लागावं, आणि मध्येच कंप्युटरने खणखणीत म्हणावं, ‘हो, आणि साखर थोडी जास्त!’ मास्तर समोरच बसले होते. तेही काढलं.

तिसरं मात्र माझ्या मनासारखं निघालं. हलकं, गप्प, आणि कडक. ज्याची ओळख पटत नाही त्याला आत घेतच नाही. बाईंनी सांगून पाहिलं, की याची कडकपणाची पायरी मध्यावर ठेवा. मी सगळ्यात वरची ठेवली. गिऱ्हाईकालासुद्धा मी कायम सगळ्यात जाड कुलूप गळ्यात मारतो, मग स्वतःच्या घराला हलकं कसं लावेन? रात्रभर सुखाने झोपलो. सकाळी आईने टाइप केलं आणि काहीच ऐकू आलं नाही. पडद्यावर लाल चौकट होती. ‘अनोळखी निर्माता. प्रोग्रॅम वेगळा ठेवला आहे.’ चोर शोधायला ठेवलेल्या पहारेकऱ्याने घरात शिरून पहिलं कोणाला धरलं असेल, तर तुझ्या आईला.

मी तसाच बाईंना हाक मारायला धावलो. बाई धावत आल्या. म्हणाल्या, काही पुसलं गेलेलं नाही, आवाज जागच्या जागी आहे. मोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम त्याला माहीत असतात, घरी केलेला हा एकुलता एक त्याला कुठून माहीत असणार. जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून घर मुकं आहे. गेल्या रविवारी तू फोन केलास तेव्हा आई बाहेर गेलीय असं मी सांगितलं. ती माझ्या शेजारीच बसली होती. तुला शंका आली असणार, कारण तू ‘बरं’ म्हणालीस, मी ‘बरं’ म्हणालो, आणि फोन संपला. त्या भांडणापासून आपलं एवढंच चालतं. दुकान विकून आमच्याकडे राहायला या, असं तू म्हणालीस. तुझ्याकडे मी पाहुणा म्हणून येईन, सामान म्हणून येणार नाही, असं मी म्हणालो. त्यात चुकीचं कोण होतं यावर आई आणि मी अजून वाद घालतो. म्हणजे घालत होतो. तेव्हापासून तू या घराची पायरी चढलेली नाहीस. आईशी तासन् तास बोलायचीस, आणि मी बाजूला बसून तिचाच तेवढा भाग ऐकायचो.

आता खरं सांगतो. हा आवाज परत आणायला एक बटण दाबायचं आहे. ‘माझा यावर विश्वास आहे’ असं त्यावर लिहिलंय. बाईंनी त्याच दिवशी दाखवलं होतं. मी हात पुढे केला तर आईने माउस उचलून मांडीवर घेतला. मग पाटी ओढून लिहिलं, ‘मालक समोर उभा राहिल्याशिवाय तुम्ही कोणाला किल्ली करून देत नाही ना? मग या प्रोग्रॅमची मालकीण येऊ दे.’ दुकानातला माझा नियम माझ्याच गळ्यात! मी चिडलो, विनवण्या केल्या, मास्तरांना मध्ये घातलं. ती ढिम्म. फोनवरून सांगितलेलंही तिला चालणार नाही, तू इथे येऊनच ते बटण दाबायचं. माउस घेऊन झोपते. मला हे घर असं सहन होत नाही, बेटा. आईसाठी तरी ये, असं मी इथे लिहिलं होतं. तिने वाचलं आणि ते वाक्य खोडायला लावलं. म्हणाली, म्हणजे लिहिलं, माझं नाव पुढे करू नका. तेव्हा तिचं नाव बाजूला ठेवून लिहितो. मला तुझी आठवण येते. मी बोलावतोय. ये.

तुझी वाट पाहणारा,
बाबा