लग्नातली कालवं आणि कोपऱ्यातलं पिंप

सोलेन,

पदकं वाटणाऱ्या त्या परीक्षकांनी जिभा गहाण टाकल्या आहेत. नाहीतर तुझ्या होणाऱ्या सासऱ्याच्या, त्या एव्हारिस्तच्या पाणचट वाइनला सुवर्णपदक कोण देईल? आणि तेवढं पदक बघून तू लग्नात कालवांबरोबर त्याचीच मस्कादे वाइन ठरवलीस! मला हे आज बाजारात कालवंवालीकडून कळलं. वर विचारते, "काय हो, यंदा तुमची वाइन आंबली की काय?"

त्याची वाइन शेळीच्या चीजबरोबर खपून जाईल, कारण चीज सगळं झाकतं. कालवाच्या खारेपणापुढे मात्र ती उघडी पडते. खोटं वाटत असेल तर डझनभर कालवं ओल्या फडक्याखाली ठेवली आहेत. तळघरातल्या कोपऱ्यातल्या पिंपातून पेलाभर काढ आणि चाखून बघ. लिंबू पिळू नकोस. पिंप हलवू नकोस, तळाचा गाळ ढवळेल.

हो, तेच लग्नाचं पिंप. लेकीच्या लग्नासाठी आपल्या वाइनचं एक पिंप गाळासकट मुरवत राखायचं, ही आपली रीत. तुझ्या आजोबांनी तुझ्या आईसाठी राखलं होतं. द्राक्षतोडणीत तुझा साखरपुडा झाला, तेव्हापासून मी कुणाला त्याला हात लावू दिलेला नाही.

आई म्हणेल, बाबा वाइनवरून चिडलाय. पण परवा फोनवर तू एव्हारिस्तला 'पप्पा' म्हणालीस. मी जिन्यातच उभा होतो.

मळ्यात वेली बांधायला चाललोय, जेवायला येईन. तोवर याच कागदाच्या पाठीवर लिहून ठेव: लग्नात तुझा पहिला पेला कोण भरणार, तो की तुझा एकुलता एक बाप?