आईच्या ताटातलं डोकं

३१ ऑक्टोबर. अंधेरीहून आत्ताच आले.

किळस आलीय. शलाकाची, आणि तिच्यापेक्षा माझीच जास्त.

ऑफिसातली शलाका वर्षभर विक्का शिकतेय, ते युरोपातलं चेटकिणींचं प्रकरण. आज त्यांचा मेलेल्यांचा सण. "मुकं जेवण आहे गं. एक ताट गेलेल्या माणसाचं, आणि मेणबत्त्या विझेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आईसाठी ये ना."

आईला जाऊन आठ महिने झाले. गेले मी. सकाळी उठून बांगड्याचं तिखलं केलं, आईसारखं त्रिफळं घालून. आम्हाला मधले तुकडे वाढून आई स्वतः डोकं घ्यायची, म्हणून तिच्या ताटात डोकंच वाढलं.

रिकाम्या खुर्चीपुढे ते ताट. सगळे गप्प जेवत होतो. खोटं कशाला लिहू, आई बसलीय असं वाटलं मला.

मग शलाका उठली आणि तिने आईचं ताट कचऱ्याच्या डब्यात खरवडलं. टिश्यू, चिप्सची पाकिटं आणि वर बांगड्याचं डोकं.

आपल्याकडे पितरांची वाडी गच्चीवर ठेवतात, कावळा शिवेपर्यंत कुणी घास घेत नाही.

निघताना विचारलं, तर म्हणे, "पुस्तकात बाहेर ठेवा असंच लिहिलंय, पण सोसायटीवाले ओरडतात यार. प्रतीकात्मक असतं ते."

प्रतीकात्मक! हाताचा वास अजून जात नाहीये माझ्या.

पण निघताना कशाला विचारलं? ती डब्यापाशी उभी होती तेव्हाच का नाही ओरडले?

मेणबत्त्या जळत होत्या. आईचं ताट कचऱ्यात जात होतं आणि मी त्यांचा नियम पाळत होते.