दिवस मावळायच्या आतली गोळी

वृषभ बाळा,

मी निपाणीला तुझ्या गोळ्या आणायला जाते. तू गाढ झोपलातास म्हणून उठवलं न्हाय. भाकरी दुरडीत हाय, आमटी गरम करून घे.

काल डॉक्टरीणबाईंच्या पुढं माझी मान खाली गेली. दिवस मावळल्यावर पाणीबी न घ्यायचा नेम तुला पर्युषण पर्वात मीच घ्यायला लावला, आन् तवापास्नं तुझी रातची गोळी बंद झाली. पोरगं नेम पाळतंय म्हणून मी गल्लीभर सांगत हिंडले. तिकडं तुला ऐकू येणारे आवाज माघारी आले, तरी तू मला एका शब्दानं बोलला न्हाईस.

बाई म्हणाल्या, ह्याला स्किझोफ्रेनिया म्हणत्यात. आजार हाय, कुणाची करणी न्हवं, तुझी चूकबी न्हवं. गोळी सांजच्या जेवणासंगं, उजेड असताना घेतली तरी चालती. एवढंच विचारायचं होतं, मी विचारलंच न्हाय.

आज पहाटं तंबाखूच्या रानात जाऊन उभी ऱ्हायले. धुक्यात पानं हळू हळू हलत होती. तू म्हणतोस तिथं माणसं बोलत्यात. मला वाऱ्याबिगर काय ऐकू आलं न्हाय. पर तुला ऐकू येतंय, हे मला तिथं पटलं.

आज ते आवाज बोलाय लागले तर त्यांस्नी सांग, आई चारच्या गाडीनं येतीया. आधी आमचं जेवण हुंदे, गोळी हुंदे. मग बोला काय ते, आईबी शेजारी बसणार हाय.

आई